कुक्षीच्या माळावरचा लांडगा

आमची बदली कुक्षीस झाल्याचे देवासच्या आप्तमंडळींना कळविले, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच होता की, हे गाव नेमके आले कोठे? धार संस्थानात ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी कारकुनी केली, त्या घरांतूनही हा प्रश्न यावा याचे थोडे नवल वाटले. पवारांच्या धार राज्याचा कुक्षी हा एक परगणाच होता. धारेहून निघालेली मोटार मनावरच्या बाजूने माळव्याचे पठार उतरून निमाडात येते, काळी सपाट जमीन संपून टेकड्या-टेकाडांचा, ताडाच्या उंच झाडांचा मुलूख लागतो, आणि शंभरेक किलोमीटर हाडे खिळखिळी झाल्यावर कुक्षी येते. पश्चिमेस अलीराजपूर, उत्तरेस बागची प्राचीन चित्रांची लेणी, दक्षिणेस नर्मदा व पलीकडे बडवानी. सरदार सरोवराचे पाणी चढल्यापासून नर्मदाही पूर्वीची राहिली नाही. चिखलदा, निसरपूर ही काठची जुनी गावे त्या पाण्याने गिळली. आता उन्हाळ्यातही तेथे नदी न दिसता तलाव दिसतो.

कुक्षी या शब्दाचा अर्थ कूस, उदर. मराठीच्या अध्यापकास शब्द दिसला की तो सोलून पाहण्याची खोड असते. पहिल्याच आठवड्यात मनात आले, की उदर म्हटले की भीम आठवावा आणि भीम म्हटला की वृकोदर. वृक म्हणजे लांडगा. लांडग्याच्या पोटासारखे ज्याचे पोट, तो वृकोदर. ही कोटी आम्ही शिक्षकांच्या खोलीत करून पाहिली, पण कोणी हसले नाही. पुढे दोन वर्षांनी हे दोन्ही शब्द एकत्र येऊन आमच्या दारात उभे राहतील, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

गेल्या पौषातली गोष्ट. नववीतला एक मुलगा सलग आठ दिवस गैरहजर होता. बाग-टांडा रस्त्याच्या बाजूच्या एका फलियातला भिलाला मुलगा. फलिया म्हणजे टेकड्यांच्या उतारावर विखुरलेली पाच-पंचवीस घरांची वस्ती. मुलगा अभ्यासात बरा, हिशेबात तर विशेष बरा. नवव्या दिवशी तो आला तेव्हा वर्गशिक्षकांनी त्याला आमच्यापुढे उभा केला. कारण विचारले. खाली मान घालून तो म्हणाला, “माट्साब, भेड़िया आला होता.”

खोलीतले सर्व हसले. आम्हीही हसलो, हे येथे लिहून ठेवणे भाग आहे. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट ज्याने इसापनीतीतून शिकविली नाही असा शिक्षक विरळा. आमच्या तोंडून ती आपोआप निघाली. मुलाने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि मग इतकेच म्हटले, की चार बकऱ्या गेल्या, उरलेल्या राखायला मी थांबलो. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच आम्हांस टोचले. रविवारी आम्ही एका सहकाऱ्याच्या मोटारसायकलीवर मागे बसून त्या फलियाकडे निघालो.

बाग सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना जो मुलूख दिसतो, त्याला जंगल म्हणता येत नाही आणि शेत तर नाहीच. गुडघ्याएवढे पिवळे गवत, मध्येमध्ये पळस, बोरी, एखादा मोह, पावसाने चिरलेले नाले. माळव्यात अशा राखीव गवताच्या जमिनीस ‘बीड’ म्हणतात. आपण कुरण किंवा गायरान म्हणू. सरकारी दप्तरात मात्र अशा बहुतेक जमिनीची नोंद ‘पडीत’ या एका शब्दात उरकलेली असते. ज्या जमिनीवर नांगर चालत नाही ती पडीत, हा जमाबंदीचा हिशेब. त्यात गवताला जागा नाही, गवतावर जगणाऱ्या काळविटाला नाही, खरमोर पक्ष्याला नाही आणि लांडग्याला तर नाहीच नाही. पडीत म्हटली की तिच्यावर झाडे लावावीत, कारखाना आणावा, हल्ली सूर्यपत्रे मांडावीत असे कोणासही वाटते, आणि वाटणारा मनुष्य वाईट असतोच असे नाही.

मुलाचा बाप घरापुढे बाजेवर बसला होता. त्याने पाणी दिले, मग काही न बोलता आम्हांस मागच्या काटेरी कुंपणाकडे नेले. वनखात्याचा नाकेदार आदल्याच दिवशी पंचनामा करून गेला होता; आम्ही आल्याचे ऐकून तो पुन्हा आला. मनुष्य तरुण, पण जाणता. बिबट्या असता तर नरडे धरले असते आणि जनावर ओढून झाडीत नेले असते, तरस असते तर हाडेही उरली नसती, असे त्याने समजावून दिले. येथे मागल्या अंगावर व पोटावर दात होते. ओल्या मातीत उमटलेली पावलेही त्याने दाखविली. कुत्र्यापेक्षा मोठी, आणि विशेष म्हणजे एका सरळ रेषेत ओवल्यासारखी. कुत्रा रमत-गमत, इकडे-तिकडे हुंगत जातो. लांडगा दूर जाण्यासाठीच निघालेला असतो. मागचा पाय पुढच्याच्या ठशात टाकीत तो सरळ चालतो.

चार बकऱ्या म्हणजे त्या घराचे काय, हे आम्ही मुलालाच विचारले. त्याने बोटांवर मोजून सांगितले. दोन भगोरियाच्या बाजारात विकायच्या होत्या, एक बहिणीच्या सासरी द्यायची होती, आणि एकीच्या पैशातून त्याचे दहावीचे पुस्तक-कपडे व्हायचे होते. भिलांच्या घरी बकरी ही बँकेतली ठेव. ठेवच चोरीस जावी तसे झाले होते.

बापाचा विचार ठरला होता. पाऊण कोसावर नाल्याच्या कडेला एक बीळ आहे, आत पिल्ले आहेत, हे गुराख्यांनी पाहिले होते. बिळाच्या तोंडाशी वाळके गवत व निमाडातली तिखट मिरची पेटवायची, दगड लावून तोंड बुजवायचे, की झाले. ही रीत आजकालची नाही. नाकेदाराने कायदा सांगितला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लांडगा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ-हत्तीच्या पंक्तीला आहे. त्यास मारले तर तीन ते सात वर्षे कैद. बाप म्हणाला, “वाघाच्या पंक्तीला बसला, मग बकऱ्या आमच्या ताटातल्या का?” याला उत्तर नाकेदारापाशी नव्हते. आमच्यापाशीही नव्हते. आम्ही केवळ एवढेच मागितले, की आठ दिवस थांबा, अर्ज आम्ही लिहून देतो.

परतताना आम्हांस आमचीच एक जुनी भीती आठवली. वाचकांपैकी जे १९८५-८६च्या हिवाळ्यात देवास, सोनकच्छ, सीहोर या पट्ट्यात होते, त्यांना ती निराळी सांगावयास नको. आम्ही तेव्हा देवासला दहावीत होतो. भोपाळच्या सडकेवरील आष्टा गावाच्या परिसरातून लहान मुले नाहीशी होऊ लागली. १९८५च्या अखेरीपासून १९८६च्या जानेवारीपर्यंत सतरा मुले लांडग्यांच्या एका टोळीने नेली. आमचे मामा सोनकच्छला होते. त्यांनी येऊन सांगितले, की झोपडीत आईच्या कुशीतून मूल नेतात आणि आईस जाग येत नाही. त्या रात्रीपासून आमच्या आईने धाकट्या बहिणीच्या मनगटास आपल्या लुगड्याचा पदर बांधून निजण्यास आरंभ केला. देवास शहर होते, वाड्याला दिंडीदरवाजा होता, त्याला आतून अडसर होता. तरी पदराची गाठ सुटली नाही. माताजीच्या टेकडीवर संध्याकाळनंतर कोणी चढेनासे झाले. अखेर त्या टोळीतले मोठे लांडगे मारले गेले आणि मुले नाहीशी होणे थांबले. पण आमची बहीण आज नातवंडांची आजी झाली असूनही झोपेत मनगट चाचपते.

म्हणून लांडग्याविषयी कोणी केवळ प्रेमाने लिहू लागले की आम्हांस ते वाचवत नाही. उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागात १९९६ साली असेच झाले. बहराइच जिल्ह्यात २०२४च्या पावसाळ्यात झाले, तेथे बहुतेक बळी लहान मुलांचेच होते. ज्यांची मुले गेली त्यांच्यापुढे निसर्गाचा समतोल वगैरे शब्द उच्चारणे हा निर्दयपणा आहे. मात्र खरे तेही सांगितले पाहिजे. या घटना फार थोड्या टोळ्यांच्या आहेत. गरिबी अशी, की घराला दार नाही. मुले एकटी रानात किंवा उघड्यावर. आणि लांडग्याचे रानातले खाद्य संपलेले. या तीन गोष्टी जेथे मिळतात तेथेच प्रायः हा अनर्थ होतो. एरवी सबंध देशभर लांडगा माणसाच्या शेजारी, त्याच्या शेताच्या बांधावरून, त्यास न दिसता जगत आलेला आहे.

किती जगत आला, याचा हिशेब मात्र विलक्षण आहे. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात वाघाविषयी तीन पुस्तके आहेत, लांडग्याविषयी एकही नाही. तेव्हा आम्ही जमेल तेथून वाचले. भारतीय लांडग्यास शास्त्रीय नाव दिले ते कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने, १८३१ साली, आणि ते आपल्याच दख्खनच्या माळावरील जनावर पाहून. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने हा प्राणी जन्माने मराठी मुलखातला! पुढे इंग्रज सरकारने त्याच्या मुंडक्यावर बक्षिसे लावली. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबाने १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ऐंशी हजारांवर वाघ आणि दोन लाखांवर लांडगे मारले गेले. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे यादवेंद्रदेव झाला व त्यांचे सहकारी यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आज द्वीपकल्पी लांडगे देशभरात एकतीसशे-बत्तीसशेच्या घरात आहेत. त्यांत सर्वांत अधिक आपल्या मध्यप्रदेशात, ७७२. त्यानंतर राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्र. त्याच २०२२ सालच्या गणनेत मध्यप्रदेशात वाघ निघाले ७८५, आणि देशात सुमारे ३,६८२.

हे दोन आकडे आम्ही फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिले आणि मुलांस विचारले, अधिक दुर्मिळ कोण? वर्गाने एका सुरात सांगितले, वाघ. आकडे डोळ्यांपुढे असूनही सांगितले! वाघाचे पट्टे मोजता येतात, प्रत्येकाचे निराळे. लांडग्यास पट्टे नाहीत, त्यामुळे त्याची मोजणी अंदाजानेच करावी लागते, हे खरे. पण कारण तेवढेच नाही. वाघ पाहावयास लोक पैसे देऊन येतात. लांडगा ज्याला दिसतो तो दगड शोधतो.

जातीने हा लांडगा फार जुना. अलीकडच्या आनुवंशिक संशोधनावरून तो जगातील लांडग्यांच्या सर्वांत प्राचीन शाखांपैकी एक ठरतो. हिमालयातला लांडगा आणखी वेगळा. आपला हा देशी लांडगा अंगाने सडपातळ, वजनाने वीस-बावीस किलोंचा, रंगाने वाळल्या गवताचा. नर-मादीची जोडी, त्यांची गेल्या-चालू सालची पिल्ले, एवढेच त्याचे कुटुंब. मादी हिवाळ्यात विते. गर्भ दोन महिन्यांचा. एका कुटुंबास फिरावयास शे-दोनशे चौरस किलोमीटर लागतात, आणि एवढा सलग माळ आता कोणत्याच अभयारण्यात मिळणे कठीण. त्यामुळे बहुतेक लांडगे राखीव वनांच्या बाहेर, तुमच्या-आमच्या गायरानांवरच आहेत. २०२५ साली निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने या भारतीय लांडग्याची प्रथमच स्वतंत्र नोंद घेऊन त्यास ‘असुरक्षित’ वर्गात घातले, त्याचे मुख्य कारण हेच.

त्याच्यासाठी म्हणून राखलेली जागा देशात शोधू गेले तर झारखंडातील महुआडांड, १९७६ची, आणि कर्नाटकात कोप्पळ जिल्ह्यातील बंकापूर, २०२३ची. ही दुसरी तर अवघी तीनशे-साडेतीनशे एकरांची. आपल्या राज्यातले नौरादेही १९७५पासून लांडग्यांसाठी नावाजलेले; २०२३ साली ते व्याघ्रप्रकल्पात गेले. आमच्याच जिल्ह्यात सरदारपूरला १९८३पासून खरमोराचे अभयारण्य आहे. खरमोराचे गवत राहिले तर त्या गवताबरोबर लांडगाही राहील, पण पाटीवर नाव पक्ष्याचे. बाग-कुक्षीच्या परिसरात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या महासरटांची अंडी सापडली, त्यांच्यासाठी २०११ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, याचा आम्हांस अभिमानच आहे. आफ्रिकेतून चित्ते विमानाने आले, त्यांचेही स्वागत. तथापि, मेलेल्यांस उद्यान आणि परक्यांस पाहुणचार, अन् दारचा मात्र पडीतात, ही तऱ्हा मजेची खरी.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी हसू नये. सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर माळढोकासाठी राखलेल्या गवतात लांडगेही टिकून राहिले, पण पुण्याभोवतीच्या माळांची कथा तेवढी बरी नाही. तेथे कुत्रा व लांडगा यांचा संकर झाल्याचे २०२३ साली आनुवंशिक तपासणीने सिद्ध झाले. गावोगाव सुटलेल्या कुत्र्यांचे कळप लांडग्याचे खाद्य पळवितात, त्यास आपले रोग देतात, आणि जोडीदार न मिळालेल्या एकट्या लांडग्याशी सोयरीकही करतात. बंदुकीने जे झाले नाही ते अशा सोयरिकीने होईल, अशी भीती जाणकारांस वाटते.

या सर्व वाचनात आम्हांस ऋग्वेदातली एक कथा पुन्हा भेटली. ऋज्राश्व नावाच्या तरुणाने एका लांडगीला शंभर मेंढरे देऊन टाकली. बापाने रागाने त्याचे डोळे काढले. तेव्हा त्या लांडगीनेच अश्विनीकुमारांची प्रार्थना केली आणि त्यांनी ऋज्राश्वास दृष्टी दिली. पुण्यवान कथा आहे. पण ज्याची शंभर मेंढरे गेली त्या बापाची बाजू तीत कोणी ऐकून घेतलेली नाही, हे आम्हांस यंदा प्रथमच जाणवले. हरिवंशात तर उलट प्रकार आहे. गोकुळ वृंदावनास हलावे म्हणून श्रीकृष्ण आपल्या अंगावरील रोमांतून लांडगे उत्पन्न करतो, आणि वासरे व मुले जाऊ लागताच भयाने गवळी गाव सोडतात. आष्ट्याच्या बाया-माणसांस ही कथा समजावून देण्याची गरज पडली नसती.

असो. अर्ज आम्ही लिहिला. पंचनाम्याची प्रत, सरपंचाचा दाखला, खातेपुस्तकाची नक्कल, सर्व जोडले. पहिल्या वेळी एक कागद कमी म्हणून परत आला, दुसऱ्या वेळी नावातील एका काना-मात्रेवरून. हिंदी, भिलाली आणि आधारपत्र यांत त्या बापाचे नाव तीन प्रकारांनी लिहिलेले होते. यात दोष कोणाचा, हे आम्ही शिक्षकांनीच न विचारलेले बरे. दरम्यान आठ दिवस संपले. आम्ही व तीन सहकाऱ्यांनी मिळून दोन पाटी घेतल्या आणि फलियात नेऊन सोडल्या. बदल्यात होळीपर्यंत बिळाला हात लावू नये, एवढेच मागणे. पिल्ले मोठी झाली की लांडगे आपण होऊन बीळ सोडतात, असे नाकेदार म्हणाला होता. मुलाच्या बापाने पाटींच्या तोंडात बोट घालून दात पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि म्हटले, “माट्साब, तुम्हांला कोणी फसवले. एक म्हातारी आहे.” पण ठेवून घेतल्या. रात्री बकऱ्यांसाठी काट्यांऐवजी कुडाचे, वरून झाकलेले कोंडवाडे करावयाचे आमच्या घरून सुचविले गेले. या बाबतीत आमच्या सौभाग्यवतींची बुद्धी आमच्याहून व्यवहारी. ते त्याने लगेच केले, आणि त्यानंतर त्या घरची बकरी गेली नाही. शेजारच्या घरची एक गेली. त्या शेजाऱ्याने आम्हांस रस्त्यात गाठून जे सुनावले ते रास्तच होते.

त्या काळात एकदाच आम्ही तो प्राणी पाहिला. माघातली संध्याकाळ, सूर्य बुडतीला, मुलगा आमच्या बरोबर होता. समोरच्या उतारावर गवतच हलले असे वाटले, मग त्या गवतास कान आले. तो उभा राहिला. एवढा लहान! आमच्या मनात पन्नास वर्षे वाढून बसलेला लांडगा वासराएवढा तरी होता. हा एखाद्या उपाशी, उंच कुत्र्याएवढा, पोट आत गेलेले. वृकोदर ही उपमा देणाऱ्याने लांडगा जेवल्यानंतर पाहिला असावा. दोन-तीन क्षण त्याने आमच्याकडे पाहिले, आणि पावलात पाऊल टाकीत, सरळ रेषेत, घाई न करता टेकाडापलीकडे गेला. त्या रात्री आम्ही देवासला बहिणीस दूरध्वनी केला, परंतु तिला हे सांगण्याचा धीर झाला नाही. तब्येतीची चौकशी करून ठेवून दिला.

नुकसानभरपाई होळीच्या आधी आली. रक्कम बाजारभावाहून कमी होती, पण ती पूर्ण व थेट त्याच्या खात्यात आली, हेही नमूद केले पाहिजे.

धुळवडीच्या तिसऱ्या दिवशी नाकेदार, मुलगा व आम्ही असे बिळापाशी गेलो. पंधरा दिवसांत कोणी तेथे काही पाहिले नव्हते. नाल्याची कड ढासळलेली, बिळाच्या तोंडाशी सशाची लव, एक-दोन हाडके, मातीत लहान-मोठी पुष्कळ पावले, सर्व वाळून पुसट झालेली. नाकेदाराने काठी आत घालून पाहिली. बीळ रिकामे होते. तेवढ्यात आमची दृष्टी बोरीच्या मुळाशी गेली. तेथे एक लहानशी चप्पल पडली होती, एकाच पायाची, चावून-चावून पट्टा तुटलेली. आमच्या तळहातांस घाम फुटला. फलियातले एकही मूल हरवलेले नाही, हे आम्हांस पूर्ण ठाऊक होते. तरीही १९८५ सालची आमच्या आईची पदराची गाठ क्षणात गळ्यापर्यंत आली.

मुलगा मात्र वाकला, चप्पल उचलून उन्हात धरली आणि मोठ्याने हसला. “माट्साब, ही माझी. दिवाळीच्या वेळी माळावर गेली होती. मी बापाचा मार खाल्ला हिच्यापायी.” पिल्लांनी दातांसाठी खेळणे केले असणार, नाकेदार म्हणाला. मुलाने ती दगडावर आपटून माती झाडली, तुटलेला पट्टा निरखला, पळसाच्या मुळीचा एक दोर काढून तो ओवला, आणि पायात घालून पाहिली. चार महिन्यांत पाय वाढला होता. टाच बाहेर येत होती. “धाकट्याला होईल,” असे म्हणून त्याने ती कमरेला खोवली आणि तो उतारावरून आमच्या पुढे चालू लागला.